चलनात न आलेल्या नाण्यांच्या मागे

माझ्या आल्बमच्या मुख्य पानांवर जी नाणी आहेत, त्यांनी कधी कुणी पावशेर साखरसुद्धा घेतलेली नाही. ती त्यासाठी पाडलेलीच नव्हती. नवं नाणं काढायचं ठरलं की टांकसाळ आधी काही नग पाडून बघते: चित्र उठतंय का, धातू साच्यात नीट भरतोय का, कड बरोबर येतेय का, मंत्र्यांना पसंत पडतंय का. हे नग म्हणजे ट्रायल आणि पॅटर्न. फ्रान्स त्यांच्यावर ‘एसे’ असं छापतो, पोर्तुगाल आणि इटली ‘प्रोव्हा’, पोलंड ‘प्रुबा’, जर्मनी ‘प्रोबे’. इंग्लंड-अमेरिकेच्या जुन्या नमुन्यांवर बहुतेक वेळा काहीच लिहिलेलं नसतं, ते ज्याचं त्यानं ओळखायचं.

मी भोसरीत टूलरूमला नोकरी केली. प्रेसवर नवं टूल चढलं की पहिला नग इन्स्पेक्शनला जातो, खाली-वर होत होत शेवटी त्यावर सही होते, आणि सही झालेला नग टॅग लावून कपाटात ठेवला जातो. प्रॉडक्शनचे लाखो नग गिऱ्हाइकाकडे जातात, कपाटात राहतो तो एवढाच. त्यामुळे नाण्यांच्या प्रदर्शनात पहिल्यांदा ‘एसे’ हातात आलं तेव्हा ते काय प्रकरण आहे हे मला समजवावं लागलं नाही. नवीन होतं ते एवढंच, की टांकसाळीच्या कपाटातला नग बाहेर विकत मिळू शकतो.

ते पुण्याच्या कॉइनेक्स प्रदर्शनात मिळालं. एका टेबलावर परदेशी नाण्यांचा डबा होता, हाताने चाळायचा, कुठलंही घ्या एकच भाव. त्यात कॅमेरूनचा १९४८ चा एक फ्रँक निघाला. एका बाजूला मारियानचा, म्हणजे फ्रेंच प्रजासत्ताकाचं प्रतीक असलेल्या स्त्रीचा चेहरा, दुसऱ्या बाजूला शिंगाळ हरणाचं डोकं, बाजूला दोन बारीक खुणा: पॅरिस टांकसाळीचं शिंग आणि मुख्य कोरणकार ल्युसियाँ बाझोरचा पंख. चलनातला हा फ्रँक अॅल्युमिनियमचा आहे, उचलला तर हातात काही आहे असं वाटत नाही. हा मात्र तळहातावर बसला. तांबं-निकेलचा होता, अॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड. भिंगाखाली धरला तर मोकळ्या जागेत बारीक अक्षरं, एसे.

टेबलामागचे काका माझ्याकडे बघत होते. “साहेब, ते घेऊन काय करणार? त्याला इथे गिऱ्हाईक नाही.”

“काका, मला विकायचं नाहीये.”

“मग घ्या की. पण सांगून ठेवतो, परत आणलंत तर मी घेणार नाही.”

त्यांचं म्हणणं आजही खरं आहे. भारतात परदेशी ट्रायलला बाजार जवळपास नाही. आपल्याकडचा संग्राहक मोगल, मराठा, संस्थानी, ब्रिटिश इंडिया यांत रमतो आणि त्यात चूक काही नाही. ब्रिटिश इंडियाच्या पॅटर्नकडे मीही वळून बघितलं होतं. पण तिथे आणखी एक गुंता आहे: मुंबई आणि कोलकात्याच्या टांकसाळी जुन्या साच्यांवरून मागणीप्रमाणे पुन्हा नग पाडून देत असत आणि ही पद्धत १९७० मध्ये बंद झाली. म्हणजे साचा अस्सल, टांकसाळ अस्सल, आणि नग मात्र नंतरचा. मूळ कोणता आणि रिस्ट्राइक कोणता हे सांगायला आयुष्य त्यात घालवलेला डोळा लागतो, शिवाय पैसा. मी बाहेरच्या देशांकडेच राहिलो.

घरी आल्यावर वाचायला लागलो आणि कॅमेरूनच्या त्या फ्रँकबद्दलचा उत्साह जरा उतरला. युद्धानंतरच्या या फ्रेंच वसाहतींच्या एसे बऱ्याचशा भेट म्हणून पाडलेल्या. डिझाइन ठरून गेलेलं असायचं, मग चांगल्या धातूत नग पाडायचे, डबीत घालायचे आणि अधिकाऱ्यांना, लोकप्रतिनिधींना वाटायचे. नाणं सुंदर, टांकसाळ सरकारी, पण टूलरूमच्या भाषेत तो ट्रायल पीस नव्हे, शोरूमचा नग. तिथून मला एक सवय लागली. कुठलंही असं नाणं समोर आलं की मी विचारतो, हे पाडलं तेव्हा कुणाला कशाचं उत्तर हवं होतं? उत्तर हवं असलं तर ते माझ्यासाठी ट्रायल. नसलं तर त्यावर कुठल्याही भाषेत काहीही लिहिलेलं असो.

या कसोटीवर सगळ्यात भरभरून उतरतं ते १८४८ चं फ्रान्स. फेब्रुवारीत क्रांती झाली, राजा लुई-फिलिप पळाला, आणि नाण्यांवर त्याचंच तोंड. नव्या प्रजासत्ताकाने कोरणकारांची खुली स्पर्धा लावली. तोवर काम थांबू नये म्हणून पहिल्या प्रजासत्ताकाच्या काळातला, कोरणकार दुप्रेचा हर्क्युलिस पुन्हा पाच फ्रँकवर चढवला. स्पर्धेत शेवटी चांदीच्या नाण्यासाठी उदिनेची सेरेस, म्हणजे धान्याची रोमन देवी, आणि सोन्याच्या वीस फ्रँकसाठी मेर्लेचं काम निवडलं गेलं. जे हरले त्यांचे नमुने टिन आणि तांब्यात शिल्लक आहेत, आणि ते आजही लिलावात येतात. हरलेल्या एका कोरणकाराचं टिनचं पाच फ्रँक मला परवडलं. प्रजासत्ताकाची बाई कशी दिसावी याचं त्याचं उत्तर म्हणजे जाड मानेची, थोडी वैतागलेली, डोक्यावर पानांचा भला मोठा मुकुट. परीक्षकांनी तिला का नाकारलं असेल ते बघताक्षणी कळतं. मला ती उदिनेच्या सेरेसपेक्षा जास्त आवडते.

पण मी सर्वांत जास्त वेळ घालवला तो बारा कडांच्या मागे.

१९३६ मध्ये इंग्लंडात आठव्या एडवर्डची नाणी तयार होत होती. चांदीची तीन पेनी फार बारीक होती, म्हणून पितळी रंगाची, जाड, बारा कडांची नवी तीन पेनी काढायचं चाललं होतं. आता असं नाणं यंत्रात घसरेल की अडकेल? नाणं टाकून चालणारी यंत्रं बनवणाऱ्यांना काही नग चाचणीसाठी दिले गेले. त्यांच्यावर साल १९३७. डिसेंबर १९३६ मध्ये राजाने गादी सोडली, सगळी तयारी फुकट गेली, आणि यंत्रवाल्यांकडे गेलेल्यांपैकी काही नग परत आलेच नाहीत. आज तेच मोठमोठ्या लिलावांत दिसतात. एडवर्डचा सोन्याचा सॉव्हरिन तर २०२० मध्ये दहा लाख पौंडांना गेला. त्या बाजूला आपण फिरकायचं कारण नाही. शिवाय एडवर्डच्या नावाने नंतर खाजगी लोकांनी पाडलेली हौशी नाणी ढिगाने आहेत, १९३७ साल घातलेली, चकचकीत, ‘पॅटर्न’ म्हणून विकली जाणारी. प्रदर्शनात कुणी एडवर्डचा क्राउन, म्हणजे पाच शिलिंगचं मोठं नाणं, काही हजारांत देऊ लागलं तर तो हाच माल.

ऐंशी वर्षांनी इंग्लंडवर पुन्हा तीच वेळ आली. गोल पौंडात नकली इतके झाले की तीसात एक खोटा असा अंदाज सांगितला जात होता. म्हणून २८ मार्च २०१७ रोजी नवा पौंड आला: दोन धातूंचा, ८.७५ ग्रॅमचा आणि बारा कडांचा. त्याआधी पार्किंगची, तिकिटांची, चहा-कॉफीची यंत्रं बदलून घ्यायची होती, म्हणून रॉयल मिंटने यंत्रवाल्यांना चाचणीचे नग दिले. त्यांच्यावर सरळ ‘ट्रायल पीस’ लिहिलेलं आहे. दुकानात चालत नाहीत, बँक बदलून देत नाही. हा खरा प्रश्न विचारणारा नग, आणि माझ्या आवाक्यातला.

माझा मावसभाऊ लेस्टरला असतो. त्याला फोन केला तर म्हणाला, “अरे, चालत नाही ते नाणं तुला कशाला हवं? चालणारं पाठवतो की.” त्याला समजावण्यात बराच वेळ गेला, पण एकदा पटल्यावर त्याने मनापासून शोधलं. ओळखीतल्या एका यंत्र-दुरुस्तीवाल्याने जुन्या हत्यारांच्या पेटीतून २०१६ चा एक काढून दिला. मला हवा होता तसाच होता: डबीतला चकचकीत नाही, तर यंत्राच्या घळीतून शेकडो वेळा सोडलेला. कडांच्या कोपऱ्यांवर बारीक टिचके, राणीच्या गालावर एक तिरकी रेघ. नाण्याची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडिंग कंपनीला पाठवला तर त्याचा कचरा करतील. मी तो सहाव्या जॉर्जच्या १९३७ च्या साध्या तीन पेनीशेजारी ठेवलाय, जी इंग्लंडात चिल्लर भावाने मिळते. एडवर्डची जागा तिने भरून काढली आहे.

अमेरिकेकडचा माल मी फक्त वाचून आणि फोटोत बघून घेतो. १९७३ मध्ये तांबं महाग झालं तेव्हा तिथल्या टांकसाळीने १९७४ साल घालून अॅल्युमिनियमचे सेंट पाडले, सुमारे पंधरा लाख. काही नमुने काँग्रेसच्या सदस्यांना दाखवायला दिले. यंत्रवाल्यांनी विरोध केला आणि डॉक्टरांनीही: पोराने गिळलं तर क्ष-किरणात अॅल्युमिनियम धड दिसत नाही. बेत रद्द झाला, नाणी वितळवली, दिलेली परत मागितली, आणि अर्थातच सगळी परत आली नाहीत. डेन्व्हरमध्ये पाडलेलं असं एक २०१४ मध्ये उजेडात आलं, लिलावाची तयारी झाली, सरकारने हक्क सांगितला, आणि कोर्टकज्जा होऊन २०१६ मध्ये ते सरकारजमा झालं. हे वाचल्यापासून मी एक पथ्य पाळतो. ज्या प्रकारचं ट्रायल पूर्वी उघड लिलावात, छापील कॅटलॉगात येऊन गेलेलं नाही, ते कितीही स्वस्त मिळालं तरी घ्यायचं नाही. टांकसाळीच्या मागच्या दाराने निघालेली वस्तू कधीही परत मागितली जाऊ शकते, आणि ते रास्तच आहे. भोसरीतल्या आमच्या कपाटातला सॅम्पल कुणी घरी नेला असता तर मीही मागितला असता.

आता गोव्याकडे येतो, कारण माझ्या सगळ्या खटपटीत तेच प्रकरण सर्वांत रंगलं.

पोर्तुगीज इंडियात १९५८ पर्यंत रुपिया चालायचा. मग लिस्बनने एस्कुदो आणला, रुपियाला सहा एस्कुदो या दराने, आणि एका एस्कुदोचे शंभर सेंताव्हो. म्हणून गोव्याच्या नाण्यांत ३० सेंताव्हो, ६० सेंताव्हो, ३ एस्कुदो, ६ एस्कुदो असे विचित्र आकडे दिसतात. ३ एस्कुदो म्हणजे आठ आणे, ६ म्हणजे रुपया, ६० सेंताव्हो म्हणजे रुपयाचा दहावा हिस्सा. पलीकडे भारतात १९५७ पासून नवे पैसे आलेलेच होते. पोर्तुगालचं नाणं, पण हिशोब रुपयाचा. डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि या नाण्यांचा संसार तीन-चार वर्षांतच आटोपला. साधी नाणी अजूनही गोव्यातल्या घरांतून निघतात. माझ्याकडचं ३ एस्कुदो मडगावच्या एका आजींनी देव्हाऱ्याच्या खणातून काढून दिलं, “घे रे बाबा, आमच्याकडे आता कोण बघतंय त्याच्याकडे” म्हणत.

पोर्तुगाल आपल्या वसाहतींच्या नाण्यांचे ‘प्रोव्हा’ शिक्क्याचे नग पाडायचा, गोव्याचेही. ते गोव्यात कधी आले नाहीत, लिस्बनलाच राहिले. तिथल्या एका विक्रेत्याच्या यादीत १९५८ चं ३ एस्कुदो प्रोव्हा दिसलं तेव्हा लगेच पैसे भरले नाहीत. साधं नाणं आणि प्रोव्हा यांत फरक फक्त त्या पाच अक्षरांचा, आणि भावात फरक कैक पटींचा. अशा ठिकाणी कुणीतरी चांगलं साधं नाणं घेऊन त्यावर अक्षरं मारण्याचा मोह होणारच.

पंच मारलेलं ओळखणं हे तसं माझ्या धंद्यातलं काम. अक्षरं उठावाची असतील तर ती नंतर ठोकून आणता येत नाहीत, साच्यातच असावी लागतात, मग फक्त साचा खरा का एवढंच बघायचं. अक्षरं खोलगट असतील तर चार गोष्टी बघतो. अक्षराच्या काठाला धातू वर फुगलाय का, कारण पंच धातू खातो तेवढा बाजूला ढकलतो. नाण्याच्या पाठीमागे, नेमकं त्याच जागी, चित्र चेपून सपाट झालंय का. अक्षरांच्या तळाशी चमक आजूबाजूच्या मोकळ्या जागेसारखीच आहे का, की ताजी. आणि आजूबाजूचा एखादा जुना ओरखडा अक्षराच्या काठाशी तुटलाय का, म्हणजे ओरखडा आधीचा आणि अक्षर नंतरचं. मी विक्रेत्याला लिहिलं: दिवा एका बाजूने तिरका धरून दोन्ही बाजूंचे फोटो, कडेचा फोटो, आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर वजन. गृहस्थ सज्जन, एकही प्रश्न न विचारता सगळं पाठवलं. पाठीमागची बाजू स्वच्छ होती. घेतलं.

पुढचा भाग टपालाचा. अनेक देशांची टपाल खाती साध्या पाकिटात नाणं पाठवू देत नाहीत, विमा उतरवूनच पाठवावं लागतं. कस्टम्सच्या कागदावर नुसतं ‘नाणं’ लिहून आलं की इथे साहजिकच शंका येते: चलन आहे, दागिना आहे की मौल्यवान धातू? म्हणून मी विक्रेत्याकडून नेहमी असं लिहून घेतो: संग्रहासाठीचा नमुना, देशात चलन म्हणून चालत नाही, धातू तांबं-निकेल, वजन इतके ग्रॅम, साल, किंमत, आणि सोबत खरी पावती. किंमत कमी दाखवायला मी कधी सांगत नाही. तेवढे पैसे वाचवून नंतर विम्याच्या दाव्यात किंवा चौकशीत तोंड कुठे लपवायचं? सोन्या-चांदीचे नमुने मी टपालाने मागवतच नाही, त्यात शुल्क आणि कटकट दोन्ही वाढतात. पाकीट अडलं, एक पत्र आलं, मागितलेले कागद पाठवले, शुल्क भरलं, नाणं घरी आलं. सांगण्यासारखं नाट्य त्यात काही झालं नाही.

घरी आल्यावर पुन्हा तपासणी. काट्यावर ग्लासभर पाणी ठेवून, दोऱ्याला नाणं टांगून घनता काढतो. तांबं-निकेल आठ पूर्णांक नऊच्या आसपास येतं. शुद्ध निकेलही जवळपास तेवढंच, म्हणून तिथे घनतेचा उपयोग नाही. तिथे लोहचुंबक काम करतो: निकेल चिकटतं, तांबं-निकेल चिकटत नाही. चुंबकाचं हे ज्ञान पोलंडच्या बाबतीत रोज लागतं. पोलंडने साम्यवादी राजवटीच्या काळात ‘प्रुबा’ लिहिलेली नाणी भरपूर काढली, निकेलची बहुतेक प्रत्येकी ५०० नग, चांदीची त्याहून जास्त. काही डिझाइनं खरोखर विचारात होती, पण बराचसा माल थेट संग्राहकांसाठी. माझी कसोटी लावली तर त्यातले निम्मे गळतात. तरी १९६६ चं शंभर झ्लॉटीचं, पोलंडचा पहिला ज्ञात राज्यकर्ता मियेशको आणि त्याची बायको दोंब्रुव्का यांचं नाणं मी ठेवलंय. पोलंडच्या हजार वर्षांसाठी काढलेलं, चांदीचं, नवरा-बायकोचे चेहरे इतके छान बसवलेत की कसोटी जरा सैल केली. संग्रह माझा आहे, एवढी सूट मला आहे.

सूट नाही ती ‘युरो प्रोबे’ला. २००२ नंतर खाजगी लोकांनी स्वीडन, डेन्मार्क, पोलंड, स्वित्झर्लंड, ज्यांनी युरो घेतलाच नाही अशा देशांच्या नावाने युरोचे संच पाडून विकले, वर ठळक ‘एसे’ किंवा ‘प्रोबे’. कुठल्याही टांकसाळीने काही विचारलं नव्हतं, कुणाला उत्तर नको होतं. कॅटलॉगवाले त्यांना वेगळ्या खंडात ‘एक्स’ क्रमांकाखाली टाकतात. आपल्याकडच्या प्रदर्शनात हे संच ‘फॉरेन पॅटर्न, रेअर’ अशा चिठ्ठीने विकले जातात. तरुण पोरं विचारायला आली की मी त्यांना एवढंच सांगतो, नाण्याच्या नावाआधी टांकसाळीचं चिन्ह शोधा.

सांभाळणं सोपं आहे, पावसाळा सोडला तर. मऊ पीव्हीसीची पाकिटं नकोत, त्यातून हिरवट चिकटा सुटतो आणि तांबं-निकेल खातो. पुठ्ठ्याची खिडकीवाली चौकट, डब्यात सिलिका जेल, आणि जूनपासून दर काही आठवड्यांनी जेल तव्यावर भाजून घ्यायचं. या शेवटच्या कामावरून घरात बोलणी खावी लागतात, कारण तवा पोळ्यांचाच असतो.

सध्या ६० सेंताव्होच्या प्रोव्हाच्या मागे आहे. पोर्तुगालमधल्या पोर्तू शहरातल्या एका विक्रेत्याकडे एक आहे, भाव चढा पण घेण्यासारखा. दोन्ही बाजूंचे फोटो आले, वजन बरोबर आहे. कडेचा फोटो अजून आलेला नाही, त्यासाठी परवा पुन्हा लिहिलं. तो आला की पैसे भरीन, नाहीतर नाही.